खिडकीकडून दुसरी

स्वच्छतेच्या दारात सगळी माणसं सारखी असतात, असं रुदैना रोज सकाळी सांगायची. त्या सकाळीही ते सांगता सांगताच तिने लमीसचा हात धरून उलटा केला आणि दोघीही नखांकडे बघत राहिल्या. नखं लाल होती. डाळिंबाच्या दाण्यासारखी, चकचकीत आणि एकसारखी.

सगळी माणसं म्हणजे अर्थात अबू नवाफ सोडून. मिठाईचा कारखाना त्यांचा होता आणि ते मागच्या दाराने, रस्त्यावरच्या बुटांनिशी आत यायचे. पण ते दार रुदैनाच्या तपासणीच्या खोलीतून दिसत नसे, त्यामुळे तत्त्वाला बाधा येत नव्हती.

“हे काय आहे?” रुदैनाने विचारलं.

“काल रात्री लावून घेतलं. इफ्तारनंतर. खास आजच्यासाठी.”

“काढून ये.”

“निघत नाही गं. जेल आहे. पार्लरमध्ये मशीनने काढतात, आणि पार्लर रात्रीशिवाय उघडत नाही. रमजान आहे.”

“रमजान आहे हे तुला काल आठवायला हवं होतं.”

लमीसने हात सोडवून घेतला आणि मुठी मिटल्या. ती सव्वीस वर्षांची होती आणि आज तिला बघायला येणार होते. घरी नव्हे, इथे, कामावर. अयहम नावाचा मुलगा होता, अकाबाच्या बंदरात नोकरीला. फोनवर दोनदा बोलणं झालं होतं आणि दुसऱ्या वेळी फोन कोणी ठेवायचा यावर बराच वेळ गेला होता. आता फक्त त्याच्या आईची पसंती बाकी होती. ती फिसकटली तर रमथाच्या एका धान्यवाल्या बिजवराला होकार कळवायचा, असं लमीसच्या भावाने ठरवून टाकलं होतं. बिजवराला दोन मुलं होती आणि दात कमी होते.

“रुदैना, एक दिवस. फक्त आज. मी हात खाली ठेवीन.”

“हात खाली ठेवून ईदचे मामूल कसे वळणार, खजूर कसा भरणार?”

“तू बघितलंच नाहीस असं समज.”

“मी बघितलंय.” रुदैनाने खोक्यांच्या खोलीकडे बोट दाखवलं. “तिकडे जा, पुठ्ठे दुमड. ती बाई दुपारी असरच्या नमाजानंतर येणार ना? तोवर काहीतरी सुचेल.”

“केसांसारखं तुझं काळीज पण जाळीत बांधून ठेवलंयस तू,” लमीस म्हणाली आणि गेली.

ईद आठवड्यावर आली होती. इर्बिदच्या त्या कारखान्यात सगळ्या भट्ट्या पेटलेल्या होत्या, खजुराचा आणि तुपाचा वास भिंतींत मुरला होता, आणि तो वास दिवसभर घेणाऱ्या प्रत्येकाचा उपास होता. टेबलावर एक माणूस कमी पडला म्हणून अबू नवाफनी भट्टीवरच्या महरूसला हाताला धरून आणलं आणि लमीसच्या जागेवर उभं केलं. महरूस इजिप्तमधल्या मिन्याचा, किडकिडीत, आईशिवाय दुसऱ्या कोणत्याही बाईजवळ इतका वेळ उभा न राहिलेला. रुदैनाने त्याला नियमाप्रमाणे सजवलं. आधी केसांची जाळी, मग मास्क, मग पांढरा कोट, मग बाकावर बसून एकेक पाय निळ्या पिशवीत घालून पलीकडे, मग हात धुणं. दाढी त्याने सकाळीच केलेली होती, त्यामुळे दाढीची जाळी लागली नाही. तो आत गेला, बायकांच्या मधोमध उभा राहिला, आणि त्याने मान जी खाली घातली ती घातलीच.

त्यानंतर लगेचच, असरला अजून बराच अवकाश असताना, बाहेरचं दार ढकलून उम्म गस्सान आत आली.

रुदैना जाळ्यांची पेटी भरत होती. तिने मान वर केली आणि पेटी तिच्या हातून खाली ठेवली गेली. अयहमच्या आईचं नाव तिला कोणी सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर कदाचित तिने आज रजा घेतली असती.

“मी लवकर आले,” उम्म गस्सान म्हणाली. “मुद्दाम. सांगून आलं की सगळ्या मुली मध होतात. मला मध नको, मला मुलगी बघायची आहे. अबू नवाफच्या बायकोने कळवलंय ना तुला?”

“कळवलंय, खाला.”

“आणि कोणी मला दाखवायला येऊ नका. चेहरा मी बघितलाय, एका लग्नात नाचताना. आता हात बघायचे आहेत. खिडकीकडून दुसरी, होय ना? मला सगळं ठाऊक आहे.”

खिडकीकडून दुसऱ्या जागेवर महरूस होता.

रुदैनाने तोंड उघडलं, पण मास्कच्या आड ते उम्म गस्सानला दिसलं नाही. लमीस आज तिथे नाही, हे सांगता येत होतं. का नाही, हेही मग सांगावं लागलं असतं. रमजानात रंगवलेली नखं म्हणजे वुजूचं, नमाजाआधी हातपाय धुण्याचं पाणी नखापर्यंत पोचत नाही, म्हणजे नमाज नाही. उम्म गस्सान तिथून पुढे कुठवर हिशेब करील हे रुदैनाला चांगलं माहीत होतं. आत सोडलं तर लमीसच्या जागी महरूस, न सोडलं तर बाईचा अपमान. खोक्यांच्या खोलीत लमीस बसली होती आणि रुदैनाचा फोन नियमाप्रमाणे कुलपात होता.

एकच मार्ग उरला, वेळ काढायचा. नियम भरपूर होते.

“बसा, खाला. आत जायचं तर काही गोष्टी विचाराव्या लागतात.”

“विचार.”

“गेल्या दोन दिवसांत उलटी, जुलाब, ताप?”

“तोंड सांभाळ, पोरी. रोजा आहे माझा.”

“सगळ्यांना विचारते. मागे काझीसाहेब आले होते, त्यांनाही विचारलं.”

“मग? काय म्हणाले?”

“जुलाब होते. परत पाठवलं.”

उम्म गस्सान तिच्याकडे बघत राहिली. मग तिचे खांदे हलले. ती हसत होती, पण आवाज न करता, उपासात हसावं तसं.

“मला काही नाही. पुढे बोल.”

“अंगाला अत्तर आहे. मिठाईला वास लागतो.” रुदैनाने ओला फडका पुढे केला. उम्म गस्सानने मानेवरून, कानामागून ऊद पुसून काढला. “रुमालाच्या टाचण्या काढाव्या लागतील. पिठात पडतात.” टाचण्या एकेक करून थाळीत आल्या, आणि रुमाल गाठीने बांधून वर जाळी चढली. कपाळावरचे चार पांढरे केस रुदैनाने बोटाने आत सारले. मग मास्क. “आता बांगड्या.”

“ह्या निघायच्या नाहीत. हजहून आल्यापासून हातात आहेत.”

“मग आत जाता यायचं नाही.”

इथे हा विषय संपू शकत होता. बाई रागावून गेली असती, आणि रागावून गेली असती तर लमीस गेली असती रमथाला. रुदैनाला ते कळत होतं, तरी शब्द तोंडातून बाहेर पडला होता. बारा वर्षं ती तो शब्द उच्चारत आली होती आणि त्याची जिभेला सवय होती.

उम्म गस्सानने दोन्ही हात पुढे केले.

“साबण आण,” ती म्हणाली. “एवढं आलेय तर बघूनच जाईन.”

रुदैनाने तो हात आपल्या हातात घेतला, साबण लावला आणि बांगडी फिरवत फिरवत अंगठ्याच्या उंचवट्यावरून पुढे आणू लागली. हा हात तिच्या ओळखीचा होता. चौदा वर्षांपूर्वी ह्याच हाताने तिचा हात असाच धरला होता, असाच उलटा केला होता, तळवा बघितला होता. तेव्हा मोठा मुलगा गस्सान लग्नाचा होता. ह्या बाईने रुदैनाच्या घरी बैठकीत बसून तिला केस मोकळे करायला लावले होते, थट्टा केल्यासारखं दाखवत एक अख्खा बदाम दातांनी फोडायला दिला होता, निघताना मिठी मारून खोल श्वास घेतला होता. आणि मधेच पाणी मागितलं होतं. रुदैनाने पेला आणला, देण्याआधी तो आतून पुसला, बाहेरून पुसला. दोन दिवसांनी मध्यस्थ बाई “नसीब नव्हतं” असं सांगून गेली. खरं कारण शेजारणींच्या तोंडून फिरत फिरत आलं. उम्म गस्सान म्हणाली होती, मुलगी फार पुसते. माझ्या घरात आली तर एक दिवस मलाच पुसून काढील.

त्यानंतर आलेल्या दोन स्थळांनी बदाम आणला नव्हता, पण ती हकीकत ऐकलेली होती.

शेवटची बांगडी थाळीत पडली. अंगठी मात्र अडली. रुदैनाने शिवणाचा दोरा आणला, बोटाला एकाशेजारी एक वेढे घातले, आणि दोऱ्यावरून अंगठी हळूहळू वर सरकवली. उम्म गस्सान बघत राहिली.

“हे कुठे शिकलीस?”

“इथेच.”

“दुखलं नाही अजिबात.” तिने उघड्या बोटाकडे पाहिलं. सोन्याशिवाय तो हात एखाद्या भाजीवालीचा वाटत होता. “किती वर्षांनी दिसतंय हे बोट.”

“नखं दाखवा.”

उम्म गस्सानने नखं दाखवली. शाळेतल्या मुलीसारखी, दोन्ही हात एका रेषेत धरून. नखं स्वच्छ होती, कापलेली होती. रुदैनाने ती गरजेपेक्षा जास्त वेळ बघितली. काही सापडलं नाही. मग कोट आला, मागे बंद बांधले गेले, आणि बाकाची पाळी आली. उम्म गस्सानला गुडघ्यांमुळे पाय उचलता येईना. रुदैना खाली बसली, त्या बाईचा पाय आपल्या मांडीवर घेतला, बुटावर निळी पिशवी चढवली, पाय उचलून बाकाच्या पलीकडे ठेवला. मग दुसरा.

“अल्ला तुला चांगला नवरा देवो,” वरून आवाज आला. “झालंय का लग्न?”

“नाही.”

“कमाल आहे. इतकी नीटनेटकी मुलगी. लोकांना डोळे नाहीत.”

रुदैना उठली. तिने नळ सोडला. हात धुवायला किती वेळ लावायचा हे भिंतीवर लिहिलेलं होतं. तिने त्याच्या दुप्पट लावायला सांगितला, आणि उम्म गस्सानने तेवढा वेळ चोळले. ओंजळीतल्या पाण्याकडे दोघींनीही पाहिलं आणि दोघींनीही नजर काढून घेतली. उपास सोडायच्या मगरिबच्या अजानला अजून खूप वेळ होता.

नियम संपले.

“आता कशालाही हात लावू नका,” रुदैना म्हणाली. “आणि टेबलाच्या फार जवळ जाऊ नका.”

“मी लांबूनच बघते. लांबून खरं दिसतं.”

दार उघडलं आणि मिटलं. दाराला एक गोल काच होती. रुदैना काचेला नाक लावून उभी राहिली, मग बाजूला झाली, मग तिने जाळ्यांची पेटी उचलून जिथून उचलली तिथेच ठेवली. थाळीतल्या टाचण्या तिने एका दिशेला तोंड करून लावल्या. बांगड्यांवरचा साबण पुसला. आतून पुसला, बाहेरून पुसला, आणि आपण काय करतोय हे लक्षात आल्यावर फडका ठेवून दिला. पुन्हा काचेपाशी गेली.

टेबलाभोवती सगळ्या पांढऱ्या आकृत्या उभ्या होत्या. जाळी, मास्क, कोट. एकीची उंची कमी, एकीची जास्त, बाकी काही नाही. साचे टेबलावर आपटल्याचा ठोक ठोक आवाज काचेतून बारीक येत होता. उम्म गस्सान भिंतीला पाठ लावून, हात पोटावर बांधून उभी होती आणि खिडकीकडून दुसऱ्या आकृतीकडे बघत होती. बाकीच्या बायका एकमेकींना कोपरखळ्या मारत होत्या. महरूस मान खाली घालून होता. त्याने गोळा घेतला, अंगठ्याने खळगा केला, खजूर भरला, तोंड मिटलं, साच्यात दाबला, उलटा करून ठोकला. बाहेर आलेला मामूल त्याने दोन बोटांनी उचलला आणि ताटात ठेवला. ठेवून त्याच्याकडे क्षणभर बघितलं. मग दुसरा गोळा घेतला.

एकदा उम्म गस्सान पुढे झुकली. रुदैनाचा श्वास काचेवर वाफ होऊन बसला. तिने तो पुसला तेव्हा उम्म गस्सान परत भिंतीला टेकली होती.

ती बाहेर आली तेव्हा तिने मास्क आधी काढला, जाळी नंतर. उलटा क्रम होता. रुदैनाने तो चालवून घेतला.

उम्म गस्सान बाकावर बसली आणि काढलेल्या मास्कच्या घड्या घालू लागली.

“काय झालं, खाला?”

“माझं एकदा चुकलंय. मोठ्या सुनेच्या वेळी चुकलं,” ती म्हणाली. “चेहरा बघून आणली. चांगली आहे, अल्ला तिला अक्कल देवो, पण चहाचे पेले रात्रीपर्यंत तसेच. माश्या बसतात. मी धुते. ह्या वयात.” तिने नाक ओढलं. “ही मुलगी वेगळी आहे.”

“कोणती?”

“कोणती काय? खिडकीकडून दुसरी. इतक्या बायका खिदळत होत्या, हिने एकदाही मान वर केली नाही. लाज आहे डोळ्यांत. आणि हात! घाई नाही, धसमुसळेपणा नाही. मामूल असा ठेवते की जणू झोपलेलं मूल पाळण्यात ठेवतेय. नखं बघितली मी वाकून. साधी, कापलेली, ना रंग ना काही. आजकालच्या मुली रमजानात पण रंगवतात, माहितेय तुला?”

“माहितेय.”

“जरा बारीक आहे. खाऊ घालीन मी.” तिने रुदैनाच्या मनगटाला हात लावला. “ती लमीसच ना? अंगलट मला जरा वेगळी वाटली. नाचताना भरलेली दिसत होती.”

बाहेर ट्रकमध्ये खोकी चढवल्याचा आवाज येत होता. रुदैनाने थाळी उचलून उम्म गस्सानच्या मांडीवर ठेवली. बारा वर्षांत तिने ताप असलेल्याला ताप नाही असं लिहिलेलं नव्हतं, अंगठीला आत सोडलेलं नव्हतं, आणि आज सकाळी एका मैत्रिणीला दारातून परत पाठवलं होतं.

“तीच,” ती म्हणाली. “कोटात सगळ्या बारीक दिसतात.”

“वल्ला?”

“लमीसच आहे, खाला.”

शपथ तिने घेतली नाही. पण उम्म गस्सानने ती घेतल्यासारखंच धरलं आणि बांगड्या चढवायला घेतल्या. आता त्या सहज गेल्या. दारात ती थांबली आणि वळली. मास्कच्या वरच्या दोन डोळ्यांकडे तिने नीट पाहिलं.

“तुला मी कुठे बघितलंय का?”

“नाही, खाला.”

“असेलही. इर्बिद केवढंसं आहे.” तिने रुमाल सारखा केला. “तू मला आज जसं तपासलंस ना, तसं मी मुलींना तपासते.”

“मग बदाम राहिला,” रुदैना म्हणाली.

उम्म गस्सानला ते ऐकू गेलं की नाही कळलं नाही. दार बंद झालं होतं.

रुदैनाने हात धुतले. धुवायला लागायचा तेवढा वेळ धुतले, मग आणखी थोडा. मग ती खोक्यांच्या खोलीत गेली. लमीस पुठ्ठ्यांच्या ढिगावर बसली होती आणि एका नखाची कड दातांनी सोलायचा प्रयत्न करत होती. ओठ फुटला होता, रंग जागचा हलला नव्हता.

“उपास मोडेल,” रुदैना म्हणाली.

“असर झाली का? आता येईल ना ती?”

“येऊन गेली.”

लमीस उभी राहिली. पुठ्ठे घसरले.

“आणि मी इथे? रुदैना! तू मला हाक का नाही मारलीस? माझा भाऊ आज रात्रीच रमथाला फोन करील. तुला काय वाटतं, मी त्या म्हाताऱ्याचे...”

“पसंत आहेस.”

“काय?”

“पसंत आहेस. हात आवडले.”

लमीसने आपल्या हातांकडे पाहिलं. मग रुदैनाकडे. मग पुन्हा हातांकडे, आणि ते पाठीमागे लपवले, जणू कोणी अजूनही बघत होतं.

“कोणाचे?”

“आज रात्री पार्लरमध्ये जा आणि हे काढून टाक,” रुदैना म्हणाली. “आणि ईदपर्यंत मामूल हळू वळायला शीक. ठेवताना दोन बोटांनी ठेवायचा. ठेवून जरा बघायचं त्याच्याकडे.”

लमीसने आणखी काही विचारायला तोंड उघडलं, पण रुदैना निघून गेली होती. दाराशी दोन कामगार उभे होते आणि त्यांच्यातल्या एकाच्या मनगटावर घड्याळ होतं.

ईदनंतर साखरपुडा ठरला. महरूसला दुसऱ्याच दिवशी परत भट्टीवर पाठवलं. टेबलावर त्याचा हात फार हळू चालतो, अशी अबू नवाफची तक्रार होती.